भरली की निघायची

आखाजीच्या आदल्या दिवशी
तोतारामची कमांडर वजनावर विकली गेली.
किलोला सव्वीस रुपये.
तो काट्याजवळ आला नाही,
समोरच्या टपरीवर पाठ करून बसला
आणि चहा सांगायचा विसरला.

गॅस कटर पेटायच्या आत मी बाजूला काढलं :
क्लच प्लेट, एक पिस्टन, टायमिंगचा गेअर,
तीन व्हॉल्व्ह.
अकील भंगारवाला म्हणाला, मिस्तरी, हे तुमच्या काय कामाचं?
म्हटलं, तोल. पैसे घे.

बावीस वर्षं ती माझ्याच पिटावर यायची.
चोपडा ते शिरपूर. मध्ये हातेड, गलंगी,
अनेरच्या पुलाआधी खाली दुसरा गेअर.
वेळापत्रक नव्हतं तिला.
चौदा माणसं झाली की निघायची.
तेरा जण रस्त्याकडे बघत बसायचे,
पिशवी घेऊन कुणीही दिसला की सरकून जागा करायचे
आणि तो माणूस पान खाऊन परत फिरायचा.
तिच्यात नवरदेव खोळंबलेत,
दहावीचे पेपर खोळंबलेत,
एकदा तर मयतीची बर्फाची लादी
निम्मी होऊन पोचली.

रिकामी ती एकदाच निघाली.
रात्री दीडला.
मागच्या शिटावर माझी बायको, तिची आई,
आणि तोताराम बनियनवरच.
तेरा जणांचं भाडं मी पुढे दोनदा काढून दिलं,
दोनदा त्यानं ते
माझ्याच पान्यांच्या डब्यात टाकलं.

पार्ट आठ दिवस डिझेलात भिजत ठेवले.
ब्रश मारला, मग पॉलिश पेपर, मग बायकोची जुनी चिंधी.
उन्हाळा असा की सकाळी दहालाच
पाना धरायला फडकं लागायचं.
पिस्टनची केली बैठक, व्हॉल्व्हचे तीन पाय.
क्लच प्लेट झाली तबकडी.
तिला स्प्रिंगा सहाच,
म्हणून दोन, चार, सहा, आठ, दहा, बारा.
बाकीचे तास मोकळ्या पत्र्यावर,
आपले आपण ओळखायचे.

काटे आधी वायपरच्या पट्टीतून कापले.
जड झाले. नव्वद रुपयांचं मशीन ते ओढेना,
सहावर येऊन लोंबायचं.
शेवटी फिलर गेज उघडला,
ज्यानं तिचेच टॅपेट लावायचो,
त्यातली दोन पाती मोडून घेतली,
एक दहा थाऊचं, एक बारा थाऊचं.
आता माझ्या गेजात ती दोन मापं नाहीत.
कुणाची गाडी आली तर
कानानं लावतो.

टायमिंगचा गेअर नुसताच मागे बसवलाय.
काही फिरवत नाही तो.
पण एवढी वर्षं इंजिनात अंधारात
वेळ त्यानंच सांभाळली,
त्याला वगळून घड्याळ करायचं
माझ्या हाताला पटेना.

नेऊन दिलं.
टेबलावरचं घड्याळ, आणि घरात टेबल नाही.
तोतारामनं ते दोन्ही हातांनी उचललं, वजन घेतलं,
ओट्यावर कमांडरची मागची शीट आहे, बाक म्हणून ठेवलेली,
तिच्या कोपऱ्यात बसवलं,
जिथं चौदावा बसायचा.
बराच वेळ क्लच प्लेटीवरून अंगठा फिरवला.
मग म्हणाला,
"हाई घड्याय बी शिटा भरावानी वाट देखी का?"

मी हसलो. तो नाही हसला.

परवा त्याच्याकडे गेलो तर
ओट्यावर एकटाच, घड्याळाशेजारी,
उजवा हात गुडघ्यावर, मूठ अर्धी वळलेली,
गेअरच्या दांड्याची सवय.
आतून सून ओरडली, "आबा, कितला वाजनात?"
त्यानं काट्यांकडे पाहिलं,
मग रस्त्याकडे,
मग माझ्याकडे. थोडा सरकला, मला जागा केली.
"आजून एक शीट कमी शे," म्हणाला.